सॅम्पल चांगलं, वॉश वाईट: दर वेळी तेच होत असेल तर कुठे बघायचं

"ताई, परत तसंच झालं की ओ."

हा फोन मला बेळगावात महिन्यातून एकदा तरी येतो. कधी निपाणीहून, कधी गोकाकहून, कधी हद्दीपलीकडच्या चंदगडहून. लॅबमध्ये एकटीच काम करणारी मुलगी असते. बाहेर बाकावर पहिल्या बसनं आलेलं जोडपं बसलेलं असतं, आत डॉक्टर आययूआयची (निवडलेले शुक्राणू गर्भाशयात सोडण्याची) तयारी करून थांबलेल्या असतात, आणि हिच्या हातातल्या नळीत जेवढे शुक्राणू असायला हवेत तेवढे नसतात. कच्च्या सॅम्पलमध्ये तर भरपूर दिसले होते. मग वॉशमध्ये, म्हणजे वीर्यातून चांगले शुक्राणू वेगळे करताना, गेले कुठे?

दिवाळीनंतर असाच एक फोन आला होता, तोच धरून सांगते. कच्चं सॅम्पल २.५ मिली, काउंट मिलीला ४० मिलियन, सरळ पुढे जाणारे ४५ टक्के. ग्रेडियंटनं (दाट-पातळ द्रवांच्या थरांतून फिरवून) वॉश केल्यावर अर्ध्या मिलीत मिलीला ६ मिलियन आणि मोटिलिटी (चालणाऱ्यांचं प्रमाण) ६० टक्के. त्या महिन्यातलं हे तिसरं जोडपं होतं. तिनं विचारलं, "रिपोर्टवर सॅम्पल वीक असं लिहू काय?"

मी म्हटलं, थांब, तो शब्द लिहू नकोस. तो कागद घरी जातो. आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की आधी वर्षानुवर्षं बाईला बोल लागतो, आणि नवऱ्याच्या रिपोर्टवर 'वीक' आलं की तो माणूस पुढच्या महिन्यात यायचंच बंद करतो. चूक आपल्या सेंट्रिफ्यूजची, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राची, असेल तर ती त्याच्या नावावर का चढवायची?

आधी हिशेब करू. आकारमान गुणिले काउंट गुणिले मोटिलिटी. आधी होते २.५ × ४० × ०.४५, म्हणजे ४५ मिलियन चालते शुक्राणू. नंतर ०.५ × ६ × ०.६, म्हणजे १.८ मिलियन. हाती आले १०० तले ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या मॅन्युअलच्या २०१० च्या आवृत्तीतला ढोबळ अंदाज असा, की स्विम-अपमध्ये (चालणारे शुक्राणू स्वतःच पोहून वरच्या द्रवात येतात त्या पद्धतीत) २० टक्क्यांच्या आत मिळतात आणि ग्रेडियंटमध्ये २० टक्क्यांच्या वर. म्हणजे स्विम-अपमध्ये १० टक्के आले तर घाबरायचं कारण नाही, ती पद्धतच तशी आहे. ग्रेडियंटमध्ये ४ टक्के म्हणजे मात्र नक्की काहीतरी बिघडलंय. हा हिशेब न करता नुसते मिलीमागचे आकडे शेजारी ठेवून निकाल काढणारे खूप भेटतात. अडीच मिलीचं अर्धा मिली झालंय हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

मोजणी होईपर्यंत सिंकमध्ये काही ओतू नका

हे एवढं केलं तरी निम्मे फोन थांबतील. शुक्राणू हवेत उडून जात नाहीत. कुठल्या तरी नळीत असतातच, आणि आपण ती नळी ओतून टाकलेली असते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर जे काढून टाकतो ते वेगळ्या नळीत ठेवायचं: ग्रेडियंटच्या वरचा वीर्यद्रव, दोन थरांमधली रेघ, खालचा थर, आणि पेलेट (तळाला बसलेला शुक्राणूंचा गोळा) धुतल्यावर वर उरणारं पाणी. शेवटी हाती पुरेसं आलं नाही तर या प्रत्येकातला एकेक थेंब स्लाइडवर घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

नळ्या वाढल्या की चिठ्ठ्याही वाढतात, तेव्हा इथेच सांगते. आपल्या भागात एका सकाळी दोन पाटील येणं नवीन नाही, आणि दोघांचं पहिलं नावही एकच निघू शकतं. एका कागदावर नाव मराठीत, दुसऱ्यावर कन्नडमध्ये, तिसऱ्यावर इंग्रजीत वेगळ्याच स्पेलिंगनं. प्रत्येक नळीवर नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तिन्ही लिहा. झाकणावर नको, नळीवर लिहा, कारण झाकणं बदलतात. एका वेळी टेबलावर एकाच जोडप्याच्या नळ्या. यात सवलत नाही.

आता थेंब काय सांगतात ते बघू.

*चालते शुक्राणू वरच्या द्रवात किंवा दोन थरांच्या रेघेवर अडकलेले दिसले*, तर ते खाली उतरलेच नाहीत. यामागे तीन-चार कारणं असतात. सॅम्पल पूर्ण पातळ झालेलं नसतं. साधारण अर्ध्या तासात व्हायला हवं, तासभर वाट बघायला हरकत नाही. चिकट राहिलं तर मिडिया (शुक्राणू जिवंत ठेवणारा द्रव) घालून हलक्या हातानं मिसळा, किंवा जाड बोथट सुईतून सावकाश सहा ते दहा वेळा खाली-वर करा. बारीक सुईतून जोरात ओढलंत तर शेपट्या तुटतात. दुसरं कारण म्हणजे हाव. ८० टक्क्यांचा १ मिली खाली, ४० टक्क्यांचा १ मिली वर, आणि त्यावर १ मिली सॅम्पल, एवढंच त्या नळीला झेपतं. अडीच मिली सॅम्पल एकाच नळीवर चढवलं की रेघेवर गर्दी होते आणि पुढचे मागच्यांची वाट अडवतात. दोन-तीन नळ्या करा. ग्रेडियंट फ्रीजमधून काढून तसाच वापरणं हेही कारण असतं. तो खोलीच्या तापमानाला यायलाच हवा.

चौथं कारण मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय: आरपीएम आणि जी यांचा घोळ.

भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं, '१५०० आरपीएम, २० मिनिटं'. तो कागद कुणीतरी मुंबईच्या नाहीतर हुबळीच्या ट्रेनिंगमधून उतरवून आणलेला असतो. पण आरपीएम म्हणजे फक्त चाक मिनिटाला किती वेळा फिरतं ते. शुक्राणूवर जोर किती पडतो, म्हणजे जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट), हे चाकाच्या त्रिज्येवरही ठरतं. सूत्र असं: ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएम × आरपीएम. त्रिज्या मोजायला शाळेतली पट्टी पुरते. मधल्या दांड्याच्या केंद्रापासून, बकेट (नळी धरणारा कप) आडवी झाल्यावर नळीचा तळ जिथे येतो तिथपर्यंत.

त्या मुलीला फोन चालू असतानाच मोजायला लावलं. जुनं यंत्र दिवाळीत बंद पडलं होतं, डॉक्टरांनी नवं आणलं, छोटं, टेबलावर मावणारं. जुन्याची त्रिज्या १६ सेंटिमीटर, म्हणजे १५०० आरपीएमला सुमारे ४०० जी. नव्याची ९ सेंटिमीटर, म्हणजे त्याच १५०० ला सुमारे २२६ जी. ग्रेडियंटला ३०० ते ४०० जी, १५ ते ३० मिनिटं लागतात. तिची नळी दिवाळीपासून निम्म्याच जोरानं फिरत होती. ९ सेंटिमीटरच्या यंत्रात ४०० जी हवे असतील तर जवळजवळ २००० आरपीएम ठेवावे लागतात. तिनं रेघेवरचा थेंब पाहिला आणि म्हणाली, "ताई, इथं तर जत्रा भरलीय."

उलटी चूकही होते. मोठ्या त्रिज्येच्या जुन्या यंत्रात कुणीतरी १८०० लावतं, १६ सेंटिमीटरला ते ५८० जी होतात. अशा जोरानं मेलेले, अर्धवट वाढलेले, पांढऱ्या पेशी, सगळंच तळाला येऊन बसतं आणि ग्रेडियंट लावून काही उपयोग राहत नाही. तेव्हा भिंतीवरचा कागद काढा. नव्या कागदावर जी लिहा, आणि त्याच्या शेजारी तुमच्या यंत्राचा आरपीएम. यंत्र बदललं की कागदही बदलायचा. आणखी दोन गोष्टी: बकेट झुलणारी हवी, तिरकी पक्की नको, नाहीतर पेलेट नळीच्या बाजूला चिकटतो. आणि यंत्राला ब्रेक असेल तर बंद ठेवा, झटक्यानं थांबलं की थर मिसळतात.

*धुतल्यानंतरच्या पाण्यात सापडले*, तर पेलेट हातून निसटलाय. काउंट कमी असेल तेव्हा पेलेट डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून तळाशी अर्धा मिली सोडूनच वरचं काढा. आणि एक गोष्ट फारसं कुणी शिकवत नाही: यंत्र थांबलं की लगेच नळी घ्या. फोन घ्यायला गेलात, चहा आला, दहा मिनिटं गेली, तर तेवढ्यात चांगले चालणारे शुक्राणू पेलेटमधून पोहत पुन्हा वर येतात आणि आपण नेमके तेच पिपेटनं काढून टाकतो. खाली राहतात ते आळशी.

ग्रेडियंटमधून पेलेट काढतानाही वरून थराथरानं काढत या, मग नवी पिपेट घेऊन पेलेट उचला आणि नव्या नळीत टाका. त्याच पिपेटनं वरचं आणि खालचं दोन्ही घेतलंत तर ज्या वीर्यद्रवापासून वेगळं केलं तोच परत मिसळला.

*कुठेच सापडले नाहीत*, तर पहिली मोजणीच चुकली होती. थेंब घेण्याआधी सॅम्पल नीट मिसळलं नव्हतं, किंवा मोजणीचा चेंबर (शुक्राणू मोजायची आखीव काच) नीट बसला नव्हता. दोनदा मोजा, दोन्ही आकडे जवळ आले तरच पुढे जा.

तळाला आहेत, पण मेलेले

हा प्रकार मला जास्त त्रास देतो, कारण यात दोष बहुतेक वेळा आपल्याच कपाटात असतो. लक्षण असं: वॉश झाल्या झाल्या ८५-९० टक्के मोटिलिटी, छान वाटतं. तासाभरानं डॉक्टर सिझेरियन उरकून बाहेर येतात, पुन्हा थेंब बघितला तर ३० टक्के.

पहिल्यांदा मिडियाची बाटली वाचा. मिडिया दोन प्रकारचा असतो. एकात नुसता बायकार्बोनेट बफर (आम्लता सांभाळणारा घटक) असतो, त्याला कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर आणि सैल झाकण लागतं. दुसऱ्यात हेपीस असतं, तो साध्या हवेत, घट्ट झाकणानं वापरायचा. पहिला साध्या हीटिंग ब्लॉकवर उघडा ठेवलात तर तो अल्कलाइन होत जातो. दुसरा कार्बन डायऑक्साइडमध्ये सैल झाकणानं ठेवलात तर आम्लाकडे झुकतो. दोन्हीकडे शुक्राणू थकतात. मिडियात फिनॉल रेड असेल तर रंगच सांगतो: गडद गुलाबी-जांभळट म्हणजे अल्कलाइन, पिवळा म्हणजे आम्ल. सप्लायर बदलला की बाटली तशीच दिसते, प्रकार मात्र बदललेला असू शकतो. माझ्या लॅबमध्ये हे घडलंय, आणि ते कळेपर्यंत दोन आठवडे मी माणसांच्या सॅम्पलवर शंका घेत होते. त्या दोन आठवड्यांतली जोडपी अजून आठवतात.

आता खास आपल्या गावाची गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. मिडियात किती कार्बन डायऑक्साइड विरघळतो हे टक्क्यांवर नाही, त्याच्या दाबावर ठरतं. म्हणून मुंबईत ५ टक्क्यांवर नेमका बसणारा पीएच इथे ५ टक्क्यांवर थोडा वर राहतो. साधारण ५.५ टक्के लागतात. पण यंत्राचा पडदा नेमकं काय मोजतो हे यंत्रागणिक बदलतं, तेव्हा पडद्यावर विसंबू नका. रात्रभर ठेवलेल्या मिडियाचा पीएच सकाळी मोजा आणि बाटलीबरोबरच्या कागदावर दिलेल्या मर्यादेशी ताडा. इथे इनक्युबेटर बसवायला येणारा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही, त्याला विचारावं लागतं.

मग प्रवास. मिडिया २ ते ८ अंशांत राहायला हवा. शनिवारी पाठवलेलं पार्सल रविवारभर ऑफिसात पडून राहतं आणि मे महिन्यात बर्फाच्या पिशव्या कोमट होऊन येतात. पार्सल सोमवार ते बुधवारच्या आत मागवा. डबा उघडल्यावर पिशव्या हातात घेऊन बघा, गरम असतील तर घेऊ नका, भिडस्तपणा नको. फ्रीजच्या दारात बाटली ठेवू नका. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट तासन्तास जाते, तिथल्या लॅबनं फ्रीजमध्ये कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवलाच पाहिजे.

सगळं नीट असूनही मरत असतील तर नळी, डबा, हातमोजे यांच्यावर संशय घ्या. याची परीक्षा सोपी आहे. चांगलं सॅम्पल वॉश करून दोन भाग करा, एक जुन्या खात्रीच्या नळीत, एक नव्या लॉटच्या नळीत. तापमान, मिडिया, सगळं सारखं. चार तासांनी बघा, दुसऱ्या दिवशी बघा. एका नळीतले लवकर मेले तर तो लॉट परत पाठवा. नवीन लॉट आला की ही परीक्षा मी अजूनही करते, यंत्राच्या पूजेला जसं चुकत नाही तसं. पूजेवरून सांगते, धूप-अगरबत्ती आणि फिनेलची फरशी दोन्ही लॅबच्या खोलीबाहेर ठेवा, आणि टेबल स्पिरिटनं पुसलं तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. पावडरचे हातमोजे तर नकोच.

डिसेंबरच्या सकाळी स्लाइड थंडगार असते. तिच्यावर घेतलेला थेंब सुस्त दिसतो आणि मोटिलिटी खोटीच कमी लिहिली जाते. स्लाइड ३७ अंशांवर गरम करून घ्या, मगच निकाल द्या.

लॅबच्या दाराबाहेर

बाहेरून येणाऱ्या सॅम्पलबद्दल लोक विचारत नाहीत, म्हणून मीच विचारते. आमच्याकडे कुणी खानापूरहून मोटारसायकलवरून डबी आणतं, पावसात, वरच्या खिशात. कुणी रक्ताचा नमुना बर्फात जातो हे पाहिलेलं असतं म्हणून हीही डबी बर्फात घालून आणतं. एकानं गरम पाण्याच्या थर्मासमध्ये बुडवून आणली होती, केवढ्या काळजीनं. दोन्हीकडे शुक्राणू मेलेले. २० ते ३७ अंश, म्हणजे आतल्या खिशात अंगाला लागून. आणि उपचारासाठी असेल तर लॅबजवळच द्यायला सांगा, म्हणजे अर्ध्या तासात हातात येतं.

डबी घेताना चार गोष्टी विचारायच्या, आणि त्या विचारायची रीत महत्त्वाची. मी म्हणते, "दादा, पहिला भाग सांडला का? सांडला तरी चालतंय, मी काही म्हणणार नाही, फक्त मला कळायला पाहिजे." कन्नड बोलणारे असतील तर 'अण्णा'. पहिल्या भागातच शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, तो गेला की उरलेलं सॅम्पल काहीच सांगत नाही. मग तेल, साबण, थुंकी यातलं काही लागलं का. साधा निरोध वापरला का. आणि किती दिवस थांबलात. दोन ते सात दिवस पुरतात. पण आपल्याकडे पंधरा-वीस दिवस साठवून येणारे आहेत. त्यांचा काउंट वाढलेला दिसतो, पण मोटिलिटी घसरते आणि वॉशनंतर हाती कमीच लागतं. त्यांना आधीच, पाणी पिताना सांगावं तसं सहज सांगून ठेवा. सूचनांचा कागद मराठी, कन्नड आणि उर्दू, तिन्हीत ठेवा. बायकोच्या हातात देऊ नका, नवऱ्याच्या हातात द्या.

पांढऱ्या पेशी भरपूर असतील तर साधा वॉश नको. वीर्य निवड न करता तसंच जोरात फिरवलं की त्या पेशींतून आणि खराब शुक्राणूंमधून ऑक्सिजनची मारक रूपं सुटतात आणि शेजारच्या चांगल्या शुक्राणूंचं नुकसान करतात. हे एटकन आणि क्लार्कसन यांनी १९८८ साली दाखवून दिलंय. तिथे ग्रेडियंटच घ्या. जुन्या वहीत 'पर्कोल' लिहिलेलं सापडलं तर ते खोडा. १९९६ मध्येच कंपनीनं ते माणसांच्या उपचारासाठी वापरणं थांबवलं. आता सिलेनचं आवरण असलेल्या सिलिकाचे ग्रेडियंट येतात. सॅम्पल चांगलं असेल, पेशी कमी असतील, तर स्विम-अप उत्तम: १ मिली सॅम्पलवर १.२ मिली मिडिया हळूच, नळी ४५ अंशांत कललेली, ३७ अंशांवर एक तास, आणि वरचा फक्त १ मिली घ्यायचा. रेघेजवळचं मिळेल म्हणून लोभ धरला की वीर्यद्रव आलाच.

आणि कधीकधी सॅम्पल खरंच कमजोर असतं, तेव्हा कच्चा आकडाच तसं सांगतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहणारा माणूस, किंवा दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं तापलेला माणूस. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यात पुढचा प्रवास धरला तर आजच्या डबीत जवळपास तीन महिन्यांपूर्वीची तब्येत येते. श्रावणातल्या तापाचा परिणाम दिवाळीत दिसतो. अशा वेळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासू असं डॉक्टरांना सुचवा, आणि त्या माणसाला कारणही सांगा.

त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी आरपीएम बदलला, सॅम्पल दोन नळ्यांत विभागायला लागली, भिंतीवरचा कागद नव्यानं लिहिला. पुढच्या आठवड्यात फोन आला. ४० मिलियनच्या आसपासचंच एक सॅम्पल होतं, आणि ग्रेडियंटनंतर २७ टक्के हाती आले होते. मग ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "ताई, आधीच्या तिघांचं काय करू?"

मी सांगितलं, डॉक्टरांना सांग, आणि मग तिघांनाही फोन कर. सांग की आमच्या यंत्रात दोष होता, तुमच्यात नव्हता. तिनं केले. दोन जोडपी पुढच्या पाळीनंतर परत आली. तिसऱ्या घरी सासूनं फोन उचलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझा पोरगा बरा आहे नव्हं?"